टनभर विटांचे नाना

सोसायटी तिथे नाना. आमचे नाना सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, सध्या चेअरमन आहेत, आणि कुणाला फैलावर घेतल्याचं सांगताना त्यांना मराठी अपुरी पडते. ‘‘प्लंबरला आज धरला. आय केम डाउन ऑन हिम लाइक अ टन ऑफ ब्रिक्स!’’ ‘ब्रिक्स’वर तळवा असा आपटतात की बाकावरच्या सगळ्यांनी चष्मे सावरावेत. कोथिंबीर महागली तेव्हा त्याच विटा त्यांच्या डोक्यात पडल्या होत्या. धक्का बसला तरी हीच म्हण चालते.

मी हिशेब मांडला. वीट साधारण तीन किलोची, म्हणजे टनाला तीनशेच्या वर विटा. त्यात नानांचा टन इंग्रजी, आपल्याहून सोळा किलो जड. अमेरिकेत जुन्या काळी ही म्हण चक्क हजार विटांची होती. पंढरपुरात एका विटेवर भागतं. नाना पेपरवाल्यावरसुद्धा भरलेला छोटा हत्ती रिकामा करतात.

प्लंबरवर विटा कोसळल्या तेव्हा मी जिन्यातच होतो.

‘‘काल फार वाट पाहिली हो तुमची.’’

‘‘सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं, काका.’’

‘‘अरेरे! कसे आहेत आता? चहा घेता?’’

मग गच्चीतल्या टाकीपाशी नाना तासभर बनियनवर टॉर्च धरून उभे. प्लंबर ‘जरा डावीकडे’ म्हणाला की टॉर्च डावीकडे. तीनशे अडतीस विटा!

यंदा नवा सेक्रेटरी आला. आयटीतला, आवाज मधाळ, वाक्यागणिक सॉरी. त्यानं कॅमेरे बसवले आणि जुन्या वॉचमनला एका मेसेजवर कमी केलं. मेसेजखाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं. सभेत नाना उठले. घसा खाकरला, तळवा वर गेला. आता खरंच कोसळणार, म्हणून मी सरसावून बसलो. ‘‘हे काही बरं झालं नाही,’’ एवढं म्हणून ते खाली बसले. सभेनं पुढचा विषय घेतला, लिफ्टच्या आरशाचा.

नंतर आठवडाभर नाना दुपारचे बाकावर दिसेनात. भर उन्हात छत्री घेऊन गल्लीतल्या एकेका इमारतीचे जिने चढत होते. वॉचमन आता कोपऱ्यावरच्या सोसायटीत आहे, पगारही पाचशेनं जास्त. तिथल्या चेअरमनला कसं पटवलंत, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘पटवतोय कसला! आय केम डाउन ऑन हिम...’’

वॉचमन वेगळंच सांगतो. नाना तिथे हात जोडून उभे होते म्हणे.