कटऑफ नसलेलं कॉलेज

एखादं कॉलेज किती मुलांना दारातून परत पाठवतं, यावर आपल्याकडे त्याची पत ठरते. अकरावीच्या याद्या लागल्या की ‘तिथे चौऱ्याण्णवला बंद झालं’ असं सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रार कमी आणि अभिमान जास्त असतो. मग स्वतःच्या पोराला त्र्याण्णव का असेनात. आपल्याला नाकारणाऱ्याबद्दल आपल्या मनात एक खास आदर असतो. लग्नाच्या बाजारातही तो दिसतो, पण तो विषय वेगळा.

अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज समजावून सांगणं सोपं नाही. आमच्या मजल्यावरच्या काकांच्या घरी हा प्रयत्न झाला, तेव्हा मी तिथे चहाला होतो. काका चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, आता निवृत्त आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या खाली ते बोलत नाहीत. मुलाला बारावीला बरे गुण होते, सीईटीने दगा दिला होता, आणि कॅलिफोर्नियातल्या आत्याने फोनवर ही वाट सुचवली होती.

“दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग ट्रान्सफर घेऊन युनिव्हर्सिटी,” मुलगा म्हणाला.

“कटऑफ किती?”

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांना घेतात, बाबा.”

काकांनी कप बशीत ठेवला. “सगळ्यांना घेतात, तर तिथे जायचं कशाला?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंकडे होतं, पण त्या वेळी त्या गप्प बसल्या.

परदेशी मुलाकडे ही कॉलेजं इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, बँकेचे कागद मागतात आणि बारावीची गुणपत्रिका फायलीला लावून ठेवतात. टक्के बघून कुणी भुवया उंचावत नाही. हे औदार्य मात्र उदारपणातून जन्मलेलं नाही. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात हायस्कूलच्याच आसऱ्याने सहा विद्यार्थ्यांना घेऊन असं पहिलं कॉलेज सुरू झालं. त्यामागे डोकं होतं शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचं. त्यांचं म्हणणं असं, की पहिली दोन वर्षं दुसऱ्या कुणीतरी शिकवावीत आणि विद्यापीठाने पुढचं भारदस्त काम करावं. थोडक्यात, एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जावेने कांदे चिरायचं काम धाकटीकडे सरकवावं, तसा हा प्रकार. धाकटीने मात्र पुढे स्वयंपाकघरच ताब्यात घेतलं. आज अमेरिकेत अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत आणि एकट्या कॅलिफोर्नियात ११६.

कॅलिफोर्नियाने तर १९६० साली याचा रीतसर आराखडाच केला. शाळेतून वरच्या साडेबारा टक्क्यांत येणाऱ्यांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत जावं, वरच्या एकतृतीयांशातल्यांनी स्टेट युनिव्हर्सिटीत, आणि ज्याला शिकायचंय त्या कुणीही कम्युनिटी कॉलेजात. तिथून वर चढायला जिना ठेवलेला. पहिल्या दोन ओळी आपल्याला लगेच कळतात, कारण टक्केवारी आहे. तिसरीशी आपण अडखळतो.

काकांचं अडखळणं शेवटी त्यांच्याच अनुभवाने सुटलं. टूलरूममधली त्यांची सगळ्यांत तरबेज पोरं दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेली आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसलेली होती. “म्हणजे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर!” एके दिवशी ते जिन्यातच मला म्हणाले. “मग असं सांगायचं ना आधी.” अशा पोरांचे हात बारावीवाल्यांपेक्षा चांगले चालतात, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. फक्त ते दुसऱ्यांच्या पोरांबद्दल होतं.

खरा निकाल पैशाने लावला. परदेशी विद्यार्थ्याला यूसीत नुसतं शिक्षण शुल्क वर्षाला पंचेचाळीस हजार डॉलरच्या वर जातं. कम्युनिटी कॉलेजात तेच साधारण दहा-बारा हजारांत भागतं. (तिथल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर पडतात, परदेशी मुलाला त्याच्या कितीतरी पट. सगळ्यांना घेतात याचा अर्थ सगळ्यांकडून सारखंच घेतात असा नाही.) राहणं-खाणं दोन्हीकडे महाग. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसतं, त्यामुळे मुलगा कुणाच्या तरी घरी एका खोलीत राहतो आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्यावर भात गिचका होतो हे आईला विचारतो.

हिशेब चालतो तो युनिटांत. सेमिस्टर पद्धतीत साठ युनिटं झाली की बदलीला लायक. विद्यार्थी व्हिसा टिकवायचा तर प्रत्येक सत्रात किमान बारा युनिटं हवीतच, ताप आला म्हणून विषय सोडता येत नाही. असिस्ट नावाचं एक सरकारी संकेतस्थळ आहे. आपल्या कॉलेजातलं कॅल्क्युलस कुठल्या यूसीत कशाच्या बदल्यात धरलं जाईल, हे त्यावर ओळीने लिहिलेलं असतं. त्याच्याशेजारी आपली कॅप राउंडची माहितीपुस्तिका म्हणजे प्रेमकविताच म्हणायची. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही यूसीची सहा ठिकाणं तर ठरलेले विषय आणि ठरलेली सरासरी पुरी करणाऱ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस हमी देत नाहीत, तरी याच वाटेने तिथेही दर वर्षी हजारो मुलं जातात. कॉम्प्युटरसारख्या गर्दीच्या विषयांना काही ठिकाणी हमी लागू नसते. आत्याकडून फोनवर हे सांगायचं राहून गेलं होतं. काकांच्या मुलाने मुकाट्याने स्टॅटिस्टिक्स घेतलं.

मला या सगळ्यात रस वाटला तो वर्गात. तिथे गेल्यावर मुलगा व्हिडिओ कॉलवर वर्णन करायचा. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात त्याच्या एका बाजूला रात्रपाळी करून आलेली नर्स, दुसऱ्या बाजूला सैन्यातून परतलेला तिशीचा गृहस्थ, मागे हायस्कूल संपण्याआधीच कॉलेजचे विषय घेऊन ठेवणारी सतरा वर्षांची मुलगी, आणि पुढच्या बाकावर एक आजी. आजींना पदवी-बिदवी नको होती, त्यांना वर्तमानपत्रातली सर्वेक्षणं खोटी कशी असतात ते समजून घ्यायचं होतं. हुशार मुलगा कोणता हे इथे ओळखता येत नाही, ही त्याची पहिली तक्रार. आपल्याकडे ते बसण्याच्या जागेवरून कळतं.

शिकवणारी माणसं तर अफाट. बरेच जण अर्धवेळ, म्हणून सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या. त्यांना तिथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. गाडीची डिकी हेच त्यांचं ऑफिस. मुलाच्या एका बाईंनी तपासलेले पेपर डिकीतून काढून पार्किंगमध्येच वाटले आणि बोनेटवर कागद ठेवून त्याला रिग्रेशन पुन्हा समजावलं. मोठ्या विद्यापीठात पाचशे मुलांच्या सभागृहात प्राध्यापक ठिपक्याएवढे दिसतात. इथे बाईंच्या गाडीचा टायर बसलाय हे मुलांना बाईंच्या आधी कळतं. जिल बायडन नवरा उपराष्ट्राध्यक्ष आणि पुढे राष्ट्राध्यक्ष असतानाही नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिल्या, हे काकांनी वाचलं आणि कापून ठेवलं. टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजात शिकला, हे कात्रण काकूंना दिलं. १९८४ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकिंटॉश लोकांपुढे आणला तो कुपर्टिनोच्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजच्या आवारातल्या सभागृहात, ही माहिती त्यांनी सोसायटीच्या सभेत पाणीपट्टीच्या विषयावर बोलताना कशी घुसवली, ते ऐकणाऱ्यांनाही कळलं नाही.

काकूंचं धोरण वेगळं. “मुलगा कुठे असतो?” या प्रश्नाला त्या “कॅलिफोर्नियाला” म्हणायच्या आणि लगेच समोरच्याच्या सुनेची चौकशी करायच्या. दोन वर्षांत त्यांनी शहराच्या निम्म्या सुनांची खुशाली घेतली. त्याआधी झालेल्या व्हिसाच्या मुलाखतीत मात्र विषय बदलायची सोय नव्हती. एवढ्या लांब जाऊन हेच कॉलेज का, असं अधिकाऱ्याने काचेपलीकडून विचारलं, तेव्हा पोराने खर्च, ट्रान्सफर आणि पुढचा विषय असं सरळ उत्तर दिलं. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, “हेच मी पहिल्या दिवशी सांगणार होते.”

सगळेच जिना चढतात असंही नाही. बदली घ्यायचीच म्हणून आलेले कितीतरी जण मध्येच नोकरीला लागतात, कंटाळतात किंवा युनिटांचा हिशेब चुकवून बसतात. तिथल्याच दोन वर्षांच्या पदवीवर थांबलं तर कामाची परवानगी वर्षभराचीच. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी जादा दोन वर्षं पुढची पदवी घेतल्याशिवाय मिळत नाहीत. सल्लागार खोलीबाहेर रांग असते आणि त्या रांगेत उभं राहायचा आळस महागात पडतो. आपल्या मुलांना रांगेची सवय असते, हा एक फायदा.

मुलगा डेव्हिसला पोचला. पदवीच्या कागदावर नाव फक्त यूसीचं येणार, आधीची दोन वर्षं कुठे काढली ते त्यावर नसतं, हे कळल्यावर काकू सुनांच्या चौकशीतून मुक्त झाल्या.

त्या उन्हाळ्यात दोघं अमेरिकेला जाऊन आली. मुलाने काकांना जुनं कॉलेज दाखवायला नेलं. तिथे वेल्डिंगचं वर्कशॉप बघून काका दारातच उभे राहिले. टिग वेल्डिंगची यंत्रं, स्वच्छ बूथ, प्रत्येकाला वेगळा मुखवटा. सेमिस्टर सुरू व्हायला आठवडा होता, मुक्काम पाच महिन्यांचा होता, आणि इथे तर सगळ्यांना घेतात. ते खिडकीपाशी गेले आणि अर्ज मागितला. खिडकीतल्या मुलीने नम्रपणे सांगितलं, की पर्यटक व्हिसावर क्रेडिटचा अभ्यासक्रम घेता येत नाही, सॉरी.

परत आल्यावर काकांनी मला हे सगळं सविस्तर सांगितलं. “नाही म्हणाली,” ते म्हणाले. “तोंडावर. एवढं सोपं नाहीये तिथे ॲडमिशन मिळणं.” आता सोसायटीत कुणी विचारलं की कॉलेजचं पूर्ण नाव ते स्वतःहून सांगतात.