केंब्रिजने घातलेला मुरांबा

शहराने शेजारचं गाव गिळलं, ही बातमी जगात कुठेही रोजची. केंब्रिज हुशार लोकांचं शहर. त्याने ग्रँटचेस्टर गिळलं नाही, त्याचा मुरांबा घातला. मुरांबा नासत नाही, त्याला अंकुरही फुटत नाही, आणि बरणी कधी उघडायची ते घालणाराच ठरवतो.

कॅम नदीच्या काठाने, कुरणातून, रमतगमत तासाभरात पोचावं असं हे गाव. गवताने शाकारलेली घरं, जुनं चर्च, वस्ती पाचशेच्या आसपास आणि तिच्या मानाने पब जरा जास्तच. ते काही पाचशे गावकऱ्यांच्या घशाच्या जोरावर चालत नाहीत. 1897 साली केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी ऑर्चर्ड हाउसच्या मिसेस स्टीव्हन्सनना गळ घातली की चहा हिरवळीवर नको, मागच्या फळबागेत झाडांखाली द्या. बाईंनी दिला. शेतकऱ्यांचं गाव चहावाल्यांचं व्हायला एवढं पुरलं. आजही तिथे आरामखुर्च्या मांडलेल्या असतात आणि शहर त्यांत रेलून ‘खेडं’ अनुभवत असतं.

1909 मध्ये रूपर्ट ब्रूक हा कवी शहराला कंटाळून इथे भाड्याने राहायला आला. एकांतासाठी आला आणि मित्रमंडळाला बोलावत बसला. व्हर्जिनिया वुल्फही येऊन गेल्या. गावाला जगप्रसिद्ध करणारी कविता त्याने 1912 साली लिहिली ती बर्लिनमधल्या एका कॅफेत बसून. खेड्यावर मनापासून प्रेम करायला बहुधा तेवढं अंतर लागतं. त्या कवितेत चर्चच्या घड्याळात तीनला दहा कमी आहेत, म्हणून लोक अजून मान वर करून ते घड्याळ बघतात. ब्रूक ज्या जुन्या पाद्रीवाड्यात राहिला तो पुढे जेफ्री आर्चर यांनी घेतला. हे लोकप्रिय कादंबरीकार, लॉर्ड, आणि 2001 साली खोट्या साक्षीबद्दल तुरुंगात गेलेले गृहस्थ. अलीकडे तर गावाच्या नावाची टीव्ही मालिकाच आहे. 2014 पासून तिथला पाद्री खुनांचा छडा लावतोय. एवढे खून खरोखर झाले असते तर निदान घरं तरी स्वस्त झाली असती.

घरं स्वस्त होणार नाहीत, कारण केंब्रिजभोवती हरितपट्टा आहे. त्यात बांधकामाला जवळजवळ मज्जाव. कायदा चांगलाच आहे, कुरण त्यानेच वाचलं. पण कुरण वाचलं म्हणून शहराला लागणारी माणसं थोडीच कमी झाली? प्रयोगशाळा वाढल्या, इस्पितळ वाढलं, आणि तिथे नळ्या धुणारे, रुग्ण उचलणारे पट्ट्यापलीकडे गेले. 1998 पासून पश्चिमेला कॅम्बोर्न नावाचं नवंकोरं गाव उभारलं गेलं. हवाईदलाच्या जुन्या तळावर नॉर्थस्टो उभं राहतंय. तिथली माणसं सकाळी गाडीत बसून शहराकडे निघतात. थोडक्यात, एका खेड्याची शांतता राखायला दुसऱ्या गावांना पेट्रोल जाळावं लागतं. शिवाय ग्रँटचेस्टरच्या पश्चिमेला एम-11 महामार्ग अहोरात्र घोंघावतो. तो काही कवितेत घालता येत नाही.

या सगळ्यात गावाचं मत कोण विचारतो? नदीकाठच्या कुरणाची मालकी आहे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजकडे. (आपले जयंत नारळीकर ज्याचे फेलो होते, तेच.) 2021 च्या उन्हाळ्यात कॉलेजने सुरक्षिततेचं कारण देत कुरणावरून नदीत पोहायला बंदी घातली. ब्रूक जिथे पोहला त्या पाण्यात! हजारो सह्यांचं निवेदन निघालं आणि कॉलेजने माघार घेतली. पोहण्यासाठी केंब्रिजकर पेटून उठले, याचं कौतुकच आहे. शिक्षिकेला किंवा नर्सला ग्रँटचेस्टरात भाड्याने खोली मिळावी म्हणून तेवढ्या सह्या जमतील का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मुलाच्या पदवीदानाला किंवा सहज फिरायला केंब्रिजला जाल, तर ग्रँटचेस्टर चुकवू नका. फळबागेत बसा, स्कोनवर क्रीम लावा, फोटो काढा. मात्र परतताना कुरणातून न येता जवळच्या ट्रम्पिंग्टनला वळा. तिथे शेतकी संशोधनाच्या जुन्या जागेवर नव्या घरांच्या रांगा उभ्या आहेत. पार्क अँड राइडच्या थांब्यावर दहा मिनिटं थांबा आणि बसमध्ये कोण चढतंय ते बघा. केंब्रिज चालतं ते त्यांच्यावर, आणि त्यांच्यावर अजून कोणी कविता केलेली नाही.