दुधाचा पडदा

दूधसागर डाव्या अंगाला की उजव्या, यावरून आमच्या डब्यात कुळे स्टेशन येण्याआधीच दोन तट पडले. मडगावला गाडीत चढताना हीच मंडळी एकमेकांच्या बॅगा बाकाखाली सरकवून देत होती. आता ज्याची खिडकी त्याचा धबधबा, असा कायदा लागू झाला. समोरच्या वहिनींनी खुंटा हलवून बळकट करावा म्हणून सांगलीच्या बहिणीला फोन लावला. ‘मागच्या पावसाळ्यात तू कुठल्या बाजूला बसली होतीस गं?’ पलीकडून उत्तर आलं, ‘दारात.’

कुळ्याला गाडी बराच वेळ थांबली. इथे मागून रेटा द्यायला जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे कॅसलरॉकपर्यंत 26 किलोमीटरचा ब्रागांझा घाट आहे आणि चढ 37 फुटांमागे एक फूट. पोर्तुगीज अमलात, एकोणिसाव्या शतकात, हा मार्ग घातला गेला तो मुरगाव बंदरात मालाची ने-आण व्हावी म्हणून. ज्यांनी सह्याद्री फोडून हे बोगदे काढले, ते बिचारे मरेपर्यंत या समजुतीत राहिले असतील की आपण रेल्वे बांधली. सेल्फी पॉइंट बांधला, हे त्यांना कोण सांगणार?

दूधसागर पाहण्याची रीतसर सोय मोठी मार्मिक आहे. मांडवीचं हे पाणी 310 मीटर खाली येतं आणि त्याला खरा जोर चढतो पावसाळ्यात. कुळ्याहून अभयारण्यातून जाणाऱ्या जीप मात्र पावसाळ्यात बंद. वाटेतले ओढेच गाडी पुढे जाऊ देत नाहीत. त्या सुरू होतात साधारण ऑक्टोबरात. म्हणजे पाणी असतं तेव्हा वाट नसते आणि वाट उघडते तेव्हा पाणी उतरणीला लागलेलं असतं. यावर आपल्या तरुणांनी तोडगा काढला तो रुळांवरून चालत जाण्याचा. रेल्वे कायद्याचं कलम 147 सांगतं की रेल्वेच्या हद्दीत घुसखोरी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आमच्या ओळखीतल्या एका पदभ्रमणवीराने सहलीच्या अंदाजपत्रकात ‘प्रवेश फी (झालीच तर)’ असा एक हजाराचा रकाना ठेवला होता. नाष्टा त्याच्या खालच्या ओळीत.

2023च्या जुलैत एका रविवारी अशीच शेकडो पोरं तिथे जमली, तेव्हा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांनी त्यांना रुळांवरच उठाबशा काढायला लावल्या. दूधसागरला व्हिडिओ काढायला आलेले सगळे अखेर व्हिडिओत आले. चित्रीकरण तेवढं दुसऱ्याने केलं. रेल्वेने विनंती केली की धबधब्याची मजा डब्यात बसूनच घ्या. त्याच महिन्यात सांगे तालुक्यात मैनापीच्या धबधब्यावर दोघे बुडाले आणि गोव्याच्या वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायलाच मनाई केली. ती बातमी वाचून आमच्या एका भाच्याने एवढंच विचारलं, ‘मग मामा, बंदी नसलेला कुठला?’

तर आम्ही विनंतीला मान देऊन डब्यात बसलो होतो. घाटात शिरताच मोबाइलची रेंज गेली आणि माणसं पाच-सात मिनिटं एकमेकांशी बोलली. मग बोगद्यांचा सिलसिला. अंधार, उजेड, अंधार. प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी ‘आला, आला!’ अशी आरोळी, आणि बाहेर फक्त ओलं रान. तिसऱ्या आरोळीनंतर चहावाल्याने किटली बाकाच्या टोकाशी टेकवली आणि थंडपणे सांगितलं, ‘अजून आहे. आला की मी सांगतो. चहा?’ माणूस रोज या घाटातून जातो. त्याने मान वर करून बाहेर पाहिलेलं मला दिसलं नाही, पण अख्ख्या डब्यात धबधबा कुठे आहे हे ठाऊक असलेला तो एकटाच.

त्याने खूण केली आणि डबा उठला. दोन्ही तटांचे लोक एका बाजूला धावले. (गाडी कलंडेल, अशी धास्ती एका आजोबांनी व्यक्त केली आणि लगेच स्वतःही त्याच बाजूला गेले.) आवाज आधी आला. चाकांचा खडखडाट पोटात घेणारा, अंगावर येणारा आवाज. मग खिडकीच्या गजांतून गार तुषार आत आले, वहिनींच्या चष्म्यावर, माझ्या चहात. आणि समोर धुकं. नुसतं पांढरं, जाड, धुतलेल्या धोतरासारखं धुकं.

या धबधब्याच्या नावामागे एक दंतकथा सांगतात. एक राजकन्या इथल्या तळ्यात स्नान करी आणि मग सोन्याच्या सुरईतून दूध पिई. एकदा एक राजपुत्र झाडाआडून बघतोय असं लक्षात आल्यावर तिने स्वतःपुढे दुधाची धार ओतून पडदा धरला. पूर्वी टक लावणारा राजपुत्र एक होता. आमच्या डब्यातच बहात्तर होते आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. राजकन्येने सुरई पूर्ण उपडी केली, यात तिचं काय चुकलं?

पण राजपुत्र हटेनात. ‘अहो, काढा लवकर!’ असं म्हणत वहिनींनी आवाजाकडे पाठ केली, पदर सारखा केला आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. अहोंनी अकरा फोटो काढले. मधेच क्षणभर धुकं फाटलं म्हणतात; एक पांढरी, फुटत कोसळणारी भिंत दिसली म्हणतात. चहावाल्याने पाहिली. मी तेव्हा माझ्या मोबाइलमधले जुने व्हिडिओ पुसत होतो, कारण ‘जागा शिल्लक नाही’ असा निरोप नेमका त्याच वेळी आला होता.

कॅसलरॉक गेलं. लोंढ्याला रेंज आली आणि डबा पुन्हा शांत झाला. वहिनींनी अकरातला बरा फोटो सांगलीला धाडला. उत्तर आलं: ‘छान दिसतेयस गं. पण धबधबा कुठाय?’

वहिनींनी दोन मिनिटं विचार केला. इंटरनेटवर शोधून कुणाचा तरी निरभ्र दिवसाचा फोटो काढला, चारी टप्पे दिसणारा, वर पुलावरून निळी गाडी जाणारा. ‘आत्ताच टिपला’ असं लिहून तोही पाठवला.

उत्तर लगेच आलं.

‘वा! पण यात तू कुठायस?’