बिल्ला कालवडीलाच का?

अकोले तालुक्यातल्या राजूरचं जनावरांचं प्रदर्शन म्हणजे डांगी जातीच्या गुरांचा मान. वळूसमोर उभा राहिलेला जाणकार आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो. मग खूर, मग वशिंड, मग कातडीवरून हात. डांगीची कातडी तेलकट, पाऊस तिच्यावर ठरत नाही; अकोल्याच्या घाटमाथ्यावर भातखाचरात चिखल तुडवायला म्हणूनच हे जनावर लागतं. शेवटी प्रश्न येतो: कोणाच्या गोठ्यातला? आई कोणती? उत्तर देताना विकणारा अडखळला की सौदा फिसकटला.

आता अशाच एखाद्या शेतकऱ्याचा शहरात नोकरी करणारा मुलगा घ्या. मोबाईलवर फोटो बघून तो लॅब्राडोरचं पिल्लू मागवतो. आई कोण, माहीत नाही. वय किती, विकणारा सांगेल तेवढं. पैसे मात्र आधी.

बाप वळूचं खानदान विचारतो, पोरगा पिल्लाची आईसुद्धा विचारत नाही?

पिल्लांच्या बाबतीत सरकारही पोराच्याच वाटेने चाललंय, जनावरांच्या बाबतीत मात्र बापाच्या. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेलं जनावर बाजारात विकता येत नाही. बारा आकडी नंबर, ऑनलाइन नोंद, लसीकरणाचा हिशेब. ही सक्ती योग्यच आहे. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीने गोठे कसे रिकामे होतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ते पटवून द्यावं लागत नाही. राजूरसारख्या आदिवासी भागातल्या दोन जनावरांच्या शेतकऱ्यानेही बिल्ला मारून घेतला.

मग दर महिन्याला पिल्लं विकून बंगला बांधणाऱ्याला कोणी काही विचारायचं की नाही?

नियम नाहीत, असं कोणी म्हणू नये. 23 मे 2017 रोजी केंद्राने एकाच दिवशी बरेच नियम काढले. त्यातल्या जनावरांच्या बाजारांच्या नियमांवर देशभर रान उठलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, स्थगिती आली. त्याच दिवशी कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचेही नियम आले. त्यावर कोणी मोर्चा काढला नाही, अंमलही फारसा झाला नाही.

वाचले तर नियम चांगले आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. पाच हजार रुपये फी, दोन वर्षांची मुदत. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिची पैदास नाही. वर्षात एकच वेत, उभ्या आयुष्यात पाचच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकताना कातडीखाली मायक्रोचिप हवी. पाठोपाठ 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचेही नियम आले.

आठ आठवडेच का, हे एकदा समजून घ्या. चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडलं की दूध सुटतं, आणि आईच्या दुधातून मिळालेली ताकद ओसरेपर्यंत लसही झालेली नसते. खोक्यात घालून, गाडीच्या डिकीतून ते नव्या घरी येतं. चौथ्या दिवशी उलटी, पाचव्या दिवशी रक्ताची हगवण. पार्वोचा रोग. सलाईनच्या सुईला शीर सापडत नाही इतका बारका पाय असतो त्याचा. घरातली मुलं दाराआडून बघत असतात, आणि विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

फोन कशाला लागेल? सापडला तरी त्याचं काय होणार आहे?

मूळ कायदा 1960 चा. प्राण्याला क्रूरतेने वागवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे रक्कम होती. आज तेवढ्यात राजूरच्या पेढ्यांचा पाव किलोही येणार नाही. 2022 मध्ये केंद्राने दंड वाढवण्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. मसुदा मसुदाच राहिला.

नोंदणीला पाच हजार, छळाला पन्नास. धंदेवाईक माणूस कोणता हिशेब करेल?

वाचवणाऱ्यांच्या बाजूलाही हीच तऱ्हा. भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण करायचं तर 2023 च्या नियमांनुसार संस्थेला केंद्रीय प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते. पण जखमी कुत्र्याचा व्हिडिओ टाकून, खाली क्यूआर कोड लावून निवाऱ्याच्या नावाने पैसे गोळा करायला प्रत्यक्षात फक्त फोन लागतो. आत किती जनावरं आहेत, किती मेली, पिंजऱ्यात उभं राहायला जागा आहे का, कोण बघतं? पदरमोड करून रात्री-अपरात्री धावणारी खरी माणसं यामुळेच मार खातात. तपासणीची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे. त्यांचा हिशेब चोख असतो, तो लोकांना दिसायला हवा.

आणि तपासणी जमत नाही, हे तर सांगूच नका. देशी गाईंसाठी दिवसाला 50 रुपये अनुदान जाहीर केलं, तेव्हा गोशाळांना याच राज्याने अटी घातल्या ना? गोसेवा आयोगाकडे नोंदणी, कानात बिल्ला, जिल्हा पातळीवर पडताळणी. सरकारी पैसा द्यायचा होता, म्हणून शिरगणतीही जमली.

राजूरहून जिल्ह्याचं ठिकाण, अहिल्यानगर, शंभरावर किलोमीटर. पिल्लू मेलं म्हणून कोण एवढी वाट तुडवत तक्रार करायला जाईल? म्हणून तपासणीचा अधिकार तालुक्यातच हवा. पशुधन विकास अधिकारी तिथे आहे, दवाखाना आहे, बिल्ल्याचं मशीनही आहे. मायक्रोचिप वाचायचं यंत्र त्याच टेबलावर ठेवा. त्याला मदतनीस द्या, कारण आज एकाच डॉक्टरच्या अंगावर कितीतरी गावांचं लसीकरण, रेतन आणि वरून अहवाल आहेत. त्याच्या माथी नुसता आणखी एक कागद मारला तर तो कागदच राहील.

आणि एक काम तर बिनखर्चाचं आहे. जिल्ह्यात नोंदणी असलेले पैदासकार किती, दुकानं किती, मान्यता असलेले निवारे कोणते, याची यादी प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दाराला चिकटवा. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, मुदत कधी संपते ते. यादी कोरी निघाली तर कोरी लावा.