रॅमभाऊ

पाळण्यातलं नाव रामचंद्र, रमेश किंवा चक्क शशिकांत असलं तरी सोसायटी त्यांना रॅमभाऊच म्हणते. ठाणे, डोंबिवली, चिंचवड, नाशिकचा गंगापूर रोड, कुठेही जा. जिथे पंचवीस-तीस बिऱ्हाडं आहेत आणि घराघरात एकेक कॉम्प्युटर आहे, तिथे एक रॅमभाऊ असतातच. ते निवृत्त असतात. बँकेतून, टेलिफोन खात्यातून किंवा एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमधून. कॉम्प्युटरचं शिक्षण त्यांनी कुठेही घेतलेलं नसतं आणि ही गोष्ट ते पहिल्या पाच मिनिटांत, न विचारता सांगतात. चारचौघांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं. यांच्या खिशात चुंबकाच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, बोटभर बॅटरी, पांढरा खोडरबर आणि मदरबोर्डावरचा २०३२ नंबरचा बटन सेल. शर्ट धुवायला टाकण्यापूर्वी वहिनी त्याची झडती घेतात.

प्रिंटर कागद ओढत नाही म्हटलं की रॅमभाऊ ‘बघू’ म्हणतात. नेट गेलं म्हटलं की ‘येईल’ म्हणतात. पण ‘भाऊ, नवी रॅम आणली, लावली, पण कॉम्प्युटरला दिसतच नाही’ एवढं कोणी म्हणायचा अवकाश, ते अर्धे पोहे ताटलीतच ठेवून चप्पल घालतात.

रॅमभाऊ घरात शिरले की आधी कॉम्प्युटरकडे बघत नाहीत, घरातल्या माणसांकडे बघतात. मग चार प्रश्न. आधी किती होती? आता किती टाकली? आणली कुठून? इथपर्यंत उत्तरं फटाफट येतात. चौथ्या प्रश्नाला घर गप्प होतं.

‘उघडलं कोणी?’

‘छे हो, कोणी हातसुद्धा लावलेला नाही,’ यजमान म्हणतात. म्हणजे नवी रॅम आपणहून चालत आत गेली असणार. रॅमभाऊ वाद घालत नाहीत. कॅबिनेटच्या मागे बॅटरी मारतात. ‘चार स्क्रूंपैकी दोनच आहेत. धुळीत बोटं उमटलीत. बोटं बारीक आहेत.’ आतल्या खोलीचं दार हलकेच लागतं. तिथे दहावीतले चिरंजीव अभ्यास करत असतात.

रॅमभाऊंचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते रॅमपुरतं नाही. त्यांच्या मते या जगात सगळे थोडंथोडं खोटं बोलतात. दुकानदार बोलतो, रॅमच्या पट्टीवरचं स्टिकर बोलतं, घरमालक तर बोलतोच. विंडोज खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतं. बायॉस तेवढा खरं बोलतो. ‘का माहीत आहे? त्याला कोणाला खूश करायचं नसतं.’ म्हणून आल्याआल्या ते मशीन बंद करून चालू करतात आणि डिलीटची कळ टकाटका दाबत राहतात. बटन दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह येईपर्यंत मधे जो क्षण सापडतो, त्यात ते निळ्या पडद्याच्या बायॉसमध्ये शिरतात आणि रॅमचा आकडा मोठ्याने वाचतात. निकाल लागल्यासारखं सगळं घर ऐकतं.

त्यांची सगळी विद्या या एका फाट्यावर उभी आहे. बायॉसमध्ये नवी रॅम दिसली, तर कॅबिनेट उघडायचं नाही. दोष विंडोजचा किंवा विंडोज टाकणाऱ्याचा. तिथेही नाही दिसली, तर विंडोजला हात लावायचा नाही. दोष पट्टीचा, स्लॉटचा, बोर्डाचा किंवा चौथ्या प्रश्नाच्या उत्तराचा. इतकी सरळ गोष्ट, पण तिच्यापायी नाक्यावरच्या रिपेअरवाल्या मुलाशी त्यांचं कायमचं वैर आहे. त्या मुलाकडे सर्व रोगांवर एकच औषध असतं: फॉरमॅट मारणे. बायॉसलाच जी रॅम दिसत नाही ती विंडोज नव्याने टाकून कशी दिसेल, असं रॅमभाऊ त्याला भर जिन्यात गाठून विचारतात. ‘काका, कस्टमरला काहीतरी केल्यासारखं वाटायला पाहिजे ना,’ हे त्या मुलाचं उत्तर. त्याचंही एक तत्त्वज्ञान आहे, हे रॅमभाऊंना मान्य नाही.

कॅबिनेट उघडायची वेळ आलीच, तर मात्र शिस्त बघावी. आधी वायर काढायची. मग वायर काढलेल्या मशीनचं बटन उगाच दाबायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे आपल्या अंगातली स्थिर वीज उतरते आणि चिपला झटका बसत नाही. नव्या घरातल्या आजींना वाटतं, माणसाने काम सुरू करण्यापूर्वी यंत्राला नमस्कार केला. रॅमभाऊ त्यांना तिथेच आवडून जातात.

यानंतर ते जे करतात त्याने आवड टिकेल याची खात्री नसते. आतली सगळी रॅम काढून ते मशीन मुद्दाम चालू करतात. रॅमशिवाय बोर्ड ठणाणा बीप द्यायला लागतो. आजी उठून बसतात, समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडतं. ‘ओरडतोय म्हणजे जिवंत आहे,’ रॅमभाऊ समाधानाने म्हणतात. मग खोडरबर निघतो. पट्टीच्या काठावरची सोनेरी टोकं हलक्या हाताने पुसायची, रबराची घाण बोर्डापासून लांब झटकायची, आणि एका वेळी एकच पट्टी, प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघायची. ‘दोन्ही एकदम लावा की, वेळ वाचेल,’ असं यजमान सुचवतात. ‘एकदम लावल्या तर चोर कोण हे कळेल का?’ दोन्ही बाजूंच्या खिट्ट्यांचा ‘टक्’ असा आवाज आल्याशिवाय ते अंगठे उचलत नाहीत. बहुतेक घरांत रोग एवढाच निघतो: पट्टीचं एक टोक बसलेलं आणि दुसरं बसलं आहे असं वाटलेलं.

अशा वेळी रॅमभाऊ खट्टू होतात. चहाला उकळीही आलेली नसते आणि आजार संपलेला असतो. मग ते इतिहासात शिरतात. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रॅमचं पेटंट १९६८ साली मिळालं, इंटेलची ११०३ ही चिप १९७० साली आली, तिच्यात सगळे मिळून १०२४ बिट. ‘म्हणजे १२८ अक्षरं. तुमच्या चिरंजीवांचं नाव, पत्ता आणि पिनकोड. टक्केवारी लिहायची तर जागा नाही.’ दार पुन्हा लागतं. पुढे ते सांगतात की रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. त्यातली वीज सतत गळते, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येकाला पुन्हा आठवण करून द्यावी लागते. नेमक्या याच वाक्याला वहिनी त्यांना शोधत दारात येतात. ‘आणि दळणाचं मी सकाळपासून सांगतेय, त्याचं काय?’

अवघड रोगी वेगळे. एका घरी मेहुणे पुण्याहून येताना रॅम घेऊन आले. बसेना, म्हणून त्यांनी जोर लावला. रॅमभाऊंनी पट्टी उजेडात धरली आणि डोळे मिटले. बोर्ड डीडीआर २ चा, पट्टी डीडीआर ३ ची. दोन्हींना टोकं २४०च, लांबीही सारखी. पण एक १.८ व्होल्टवर चालते, दुसरी १.५ वर, आणि मधली खाच दोघींची वेगळ्या जागी. ‘ही खाच मुद्दाम ठेवलेली असते. आपल्याला अक्कल कमी पडणार हे इंजिनिअरने धरलेलं असतं. ताकद जास्त पडेल हे त्याने धरलेलं नव्हतं.’ मेहुणे त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने परतले.

म्हणून रॅम विकत घेण्यापूर्वी आपल्याला विचारावं, असा त्यांचा आग्रह असतो. त्यांचा सल्ला पाठ करण्यासारखा आहे. जुनी पट्टी सोबत न्या. बोर्डाचं मॉडेल कागदावर लिहा, कारण प्रत्येक चिपसेटची कुवत ठरलेली असते. इंटेलच्या जी-३१ बोर्डावर चारच्या पुढची जीबी म्हणजे दानधर्म. आणि ग्रँट रोड स्टेशनला उतरून सरळ डॉ. भडकमकर मार्गावर जा. लॅमिंग्टन रोडला हे नाव अधिकृतपणे मिळालेलं आहे. ते रोजच्या बोलण्यात वापरणारे रॅमभाऊ एकटेच असावेत. त्यांच्या सल्ल्याने निघालेली माणसं त्याच रस्त्यावर उभी राहून तो रस्ता कुठे आहे हे विचारतात.

रॅमभाऊंचा सर्वांत लाडका रोग म्हणजे पाऊण जीबीचा. विंडोज सेव्हनच्या दिवसांत तो घरोघरी होता. चार जीबी टाकली, बायॉसमध्ये चार दिसतात आणि विंडोज मात्र कंसात म्हणतं, वापरता येईल ३.२५. ‘दुकानदाराने पाऊण जीबी मारली,’ ही फिर्याद घेऊन शेजारणी यायच्या. रॅमभाऊ मांडी ठोकून बसायचे. ‘तुमचं विंडोज ३२ बिटचं. त्याच्याकडे पत्ते आहेत ४,२९,४९,६७,२९६. बरोबर चार जीबी. आता असं समजा, गावात घरांचे नंबर तेवढेच छापून आलेत. त्यातले काही आधीच चावडी, दवाखाना आणि शाळेला देऊन टाकले. म्हणजे ग्राफिक्स कार्ड, बायॉसची चिप वगैरे. शेवटच्या आळीतली घरं बांधून तयार आहेत, रंग लावलाय, पण दारावर नंबर नाही. पोस्टमन जाईल का?’

‘मग त्या घरांचे पैसे परत मिळतील का?’

‘६४ बिटचं विंडोज टाका. आणि बायॉसमध्ये मेमरी रिमॅप असेल तर चालू करा. नंबर मिळतील.’

‘म्हणजे फॉरमॅटच ना?’ शेजारणी विचारायच्या. रिपेअरवाला मुलगा हे नेमकं जिन्यातून ऐकायचा. रॅमभाऊंच्या आयुष्यातला हा एकमेव असा रोग, ज्याच्यावर वैऱ्याचं औषध चालतं.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्या-पुतण्यांनी केलेले रोग ते डोळे झाकून ओळखतात. कोणीतरी कॉम्प्युटर ‘फास्ट’ करायला बसतो, एमएसकॉन्फिगमध्ये शिरतो आणि ‘मॅक्सिमम मेमरी’च्या चौकोनात खूण करतो. त्याला वाटतं, मॅक्सिमम म्हणजे भरपूर मिळेल. ती खरं तर मर्यादा असते, आणि पुढे टाकलेली नवी रॅम त्या मर्यादेबाहेर उभी राहते. रॅमभाऊ ती खूण काढतात, मशीन पुन्हा चालू करतात आणि पुतण्याला प्रेमाने विचारतात, ‘कितवं वर्ष?’

त्यांची कीर्ती मात्र पसरली ती पंख्यामुळे. बी विंगमधल्या एका नव्या मशीनमध्ये चार स्लॉट होते आणि त्यातले दोन काही केल्या दिसेनात. पट्ट्या चांगल्या, खोडरबर झिजला, बायॉस नवा केला, तरी तेच. रॅमभाऊ बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी रॅमला हातही न लावता प्रोसेसरवरच्या पंख्याचे स्क्रू थोडेथोडे सैल केले. वय झालं, असं घरच्यांनी एकमेकांना डोळ्यांनी सांगितलं. मशीन चालू झालं आणि चारही स्लॉट दिसले. कारण साधं होतं. रॅमशी बोलणारा भाग पूर्वी मदरबोर्डावरच्या चिपमध्ये असे; एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात नेला. पंखा एका बाजूने जास्त आवळला की प्रोसेसर सॉकेटमध्ये नीट टेकत नाही, आणि काही पट्ट्यांशी संबंधच तुटतो. रॅमभाऊंनी हे समजावून सांगितलं, पण ऐकायला कोणी तयार नव्हतं. पंख्याचे स्क्रू सैल करून रॅम आणणारा माणूस, एवढंच सोसायटीने लक्षात ठेवलं. पुढे काही दिवस लोक त्यांना छताचे पंखेही दाखवत होते.

फी ते घेत नाहीत. चहा घेतात, आणि निघताना काढलेली जुनी पट्टी उचलतात. ‘तुमच्याकडे पडून राहील. नेतो.’ त्यांच्या घरी टेबलाचा सर्वांत खालचा खण अशा पट्ट्यांनी भरलेला आहे. १६८ टोकांची एसडीरॅम, १८४ टोकांची पहिली डीडीआर, सगळ्या जातींच्या. त्यातली एकही आज कुठल्या चालत्या मशीनला लागणार नाही. वहिनींनी तो खण रद्दीवाल्याला दाखवला, त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही. स्वतः रॅमभाऊंचा कॉम्प्युटर झाकणाविना असतो, त्यात दोनच जीबी असते आणि तो संथ चालतो. ‘मला कुठे घाई आहे?’

अलीकडे मात्र त्यांचे दिवस फिरले आहेत. लोक पातळ लॅपटॉप घेऊन येतात. रॅमभाऊ तो उलटा करतात, झाकण शोधतात, आणि कळतं की रॅम बोर्डावरच झाळून टाकलेली आहे. काढता येत नाही, वाढवता येत नाही, खोडरबर कुठे फिरवायचा तेही कळत नाही. तो लॅपटॉप ते दोन्ही हातांनी मालकाला परत करतात.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई नवा मोबाइल दाखवायला आल्या. खोक्यावर छापलेलं: ८ जीबी अधिक ८ जीबी रॅम. रॅमभाऊंनी चष्मा लावला, सेटिंगमध्ये शिरले आणि एक बटन बंद केलं. दुसरे आठ गेले. बटन चालू केलं. आठ परत आले. ते बराच वेळ तेच करत बसले. ‘ही रॅमच नाही. फोनच्या साठवणीतली जागा उसनी घेऊन रॅममध्ये मोजलीय.’ मग त्यांचा आवाज चढला. ‘जन्मभर असलेली रॅम दिसत नाही म्हणून मी लोकांच्या घरी गेलो. आता नसलेली दिसायला लागली!’

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर, पाणीकपातीच्या सूचनेखाली, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात कागद लागला होता: ‘मोबाइलची खरी रॅम तपासून मिळेल. खोकं आणू नये, फोन आणावा. कोणी उघडला असल्यास आधीच सांगावे.’