खरखर मुद्दाम ठेवलीय

गेल्या पावसाळ्यात पुतण्याने घरातल्या घरात आठ गाण्यांचा अल्बम केला. राणीसावरगावात तोवर अल्बम म्हणजे लग्नातल्या फोटोंचा, त्यामुळे पहिले दोन दिवस 'मुलगी कुठली?' याचीच चौकशी झाली.

स्टुडिओ म्हणजे माळवदाखालची धान्याची खोली. मातीच्या जाड भिंती, ज्वारीची पोती आणि खिडकीवर टांगलेल्या आईच्या चार वाकळा. दिवसा घरात माणसं, म्हणून रेकॉर्डिंग रात्री. थ्री फेज लाइटही रात्रीचीच, त्यामुळे शेतातल्या मोटारी आणि आमचा गायक एकदमच सुरू व्हायचे.

गाणी ऐंशीच्या दशकातली वाटली पाहिजेत, हा त्याचा हट्ट. स्वतःचा जन्म २००३चा. जुना कॅसिओ त्याने कुठूनसा मिळवला आणि कॅसेटची खरखर सॉफ्टवेअरमधून वरून घातली, तीही पैसे मोजून. आमची उमेदीची वर्षं खरखर घालवण्यात गेली. परभणी आकाशवाणी नीट लागावी म्हणून रेडिओ कधी खिडकीच्या गजाला टेकवायचा, कधी देवळीत ठेवायचा, कधी एका माणसाने हातात धरून उभं राहायचं. तो माणूस बहुधा मीच असायचो. असं उभं राहून ऐकलेल्या गाण्यांना हा पोरगा आता 'रेट्रो' म्हणतो. आमच्याकडे ती शैली नव्हती, नाइलाज होता.

मग समीक्षा सुरू झाली. एकेकाळी टेप दुरुस्त करणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्यांनी अर्धं गाणं ऐकून निदान केलं, "हेड घाण झालंय. स्पिरिटचा बोळा फिरव." पोरगा म्हणाला, "काका, खरखर मुद्दाम ठेवलीय." त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "असं का," म्हणाले. दवाखान्यात रोग्याच्या नातेवाइकांशी बोलतात, तो आवाज. रेणुकादेवीच्या देवळात पखवाज वाजवणाऱ्यांना चाल आवडली, पण "टाळ कामून नाहीत?" सलूनवाल्याने मात्र पाचव्या गाण्याची स्तुती केली. ते लावल्यावर गिऱ्हाईक खुर्चीतच झोपलं आणि दाढी होईस्तोवर हललं नाही. याहून प्रामाणिक अभिप्राय मी तरी वाचलेला नाही.

बाकीच्यांनी गाणं बाजूला ठेवून मागचे आवाज ओळखले. "ही आपली गंगाखेडची एस्टी." "हे कुत्रं सरपंचाच्या गल्लीतलं." एकाने तर तिसऱ्या गाण्यावरून मोटार कुणाची आणि तिचं बेअरिंग गेलंय, एवढं सांगितलं. पोरगा खट्टू झाला.

त्याची समजूत काढायला मी पॉल मॅकार्टनीला मध्ये घातलं. बीटल्स फुटत होते, तेव्हा त्याने लंडनच्या घरी चार ट्रॅकचं टेप यंत्र आणून बरीचशी गाणी एकट्याने ध्वनिमुद्रित केली. सगळी वाद्यं स्वतः वाजवली, बायको लिंडाने साथीला आवाज दिला. एप्रिल १९७०मध्ये तो अल्बम आला आणि कित्येक समीक्षकांनी नाकं मुरडली, की हे कच्चं आहे, अर्धवट आहे. पहिल्याच गाण्याच्या शेवटी दार करकरतं आणि गायक हसतो. पुढे त्याच घरगुतीपणाचं कौतुक झालं आणि त्याला 'लो-फाय' असं नाव मिळालं. आमच्या दाराला आजवर कुणी लो-फाय म्हटलेलं नाही, नुसतं तेल घाला म्हणतात.

"कौतुकाला वेळ लागतो," मी म्हणालो आणि मुंबईचे चरणजित सिंग सांगितले. सिनेमाच्या गाण्यांत वादक म्हणून वाजवणारा माणूस. १९८२मध्ये त्यांनी तीन जपानी यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड फारशी कुणी विचारली नाही. २०१०मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली आणि परदेशी समीक्षक थक्क झाले. शिकागोत ॲसिड हाउस नावाचं जे संगीत पुढे जन्मलं, त्याच्याशी मिळतंजुळतं काही हा माणूस आधीच करून बसला होता! अठ्ठावीस वर्षं. पुतण्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे मी पन्नाशीचा होईन."

तेव्हा मी जरा जवळचं उदाहरण काढलं. जात्यावर गाणाऱ्या जनाबाईचं गंगाखेड आपलाच तालुका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हजारो ध्वनिमुद्रितही केल्या. बाईचा आवाज आणि जात्याची घरघर. ती घरघर पुसून टाका, असं म्हणायची हिंमत कोण करील?

हे सगळं आई ऐकत होती. "सहावं लाव," ती म्हणाली. लावलं. "परत." पुतण्याचा चेहरा फुलला. तिसऱ्यांदा मात्र तिने मध्येच हात वर केला. "हे बघ. इथं."

दोन ओळींच्या मधल्या शांततेत, मोटारींच्याही पलीकडे, गाय हंबरली होती. आमची कपिली. दिवाळीआधी बाजारात विकली ती.

"काढून टाकू का, आजी?" पोराने विचारलं.

"तिला कामून काढायलास? गाणं काढ."