गोटमार, पण विकिपीडियावर

"काकू, ऐकलं का? मागच्या आळीतल्या त्या पोट्ट्याले बंद केलं म्हणे!"

"अवो माय! ठाण्यात नेलं का काय?"

"ठाण्यात नाही वो, विकिपीडियावर. एक दिवस तिथं काहीच लिहिता येत नाही त्याले. माझी भाची नागपूरले शिकते ना, ती लिहिते तिथं. तिनंच सांगितलं."

"पण एवढं केलं तरी काय त्यानं?"

"गोटमारीबद्दल लिहायले गेला. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली, जाम नदीत दोन्हीकडून गोटे पडले, हे आपण लहानपणापासून ऐकतोच. यानं ते इतिहास म्हणून ठोकून दिलं. वरून सनही टाकला, मनानंच!"

"घ्या! तिच्या लग्नाची पत्रिका होती का याच्यापाशी?"

"तेच तर! कोणीतरी तो सन काढला आन् 'अशी दंतकथा सांगतात' असं केलं. यानं परत आपलं घातलं. त्यानं परत काढलं. खरी गोटमार निदान पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच होते, मधात पळसाचा झेंडा तरी असते. यांची रात्रभर सुरू!"

"मग कोणी लिहिलं, कोणी पुसलं, समजते का कोणाले?"

"सगळं समजते. लेखाच्या मागं इतिहासाचं पान असते. कोणत्या खात्यातून, किती वाजता, कोणता शब्द बदलला, सारं तिथं. जुना मजकूर एका टिचकीत परत येते. याले वाटलं, जास्त वेळा घातलं की आपलंच टिकते. इंग्रजी विकिपीडियावर तर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की बंदीची पाळी येते. आन् याची पुढची हुशारी ऐका. दुसरं खातं उघडलं, बायकोच्या नावानं! चर्चापानावर स्वतःच स्वतःले म्हणते, 'अगदी बरोबर!'"

"अन् बायकोले पत्ता आहे का?"

"तिले कायचा पत्ता! ती माहेरी, सौंसरले. पण दोन्ही खात्यांची भाषा एक, चुकाही त्याच. प्रचालकानं बरोबर ओळखलं."

"प्रचालक म्हणजे साहेब ना?"

"साहेब कायचा, पगार नाही त्याले. बाकीच्या लिहिणाऱ्यांनी मिळून निवडलेला. पानाले कुलूप लावू शकते, खातं थांबवू शकते. पण कोण खरं हे ठरवायचा हक्क त्यालेही नाही."

"मग ठरवते कोण?"

"छापील पुरावा. पुस्तक, गॅझेटियर, वर्तमानपत्र. दोन मतं असली तर दोन्ही लिहायची, ज्याचं मत त्याच्या नावानं. आपला पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ ले झाला, त्याचा सरकारी कागद आहे. पळवून आणलेल्या पोरीचा कागद कुठं आहे?"

"पण बाई, कोणी आपल्या महाराजांबद्दल भलतंसलतं लिहिलं तर? तिथं पोलीसच पाहिजे."

"तेही झालं. फेब्रुवारी २०२५ ले 'छावा' पिक्चर आला, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावरच्या संभाजी महाराजांच्या लेखावरून लोक भडकले. फडणवीसांनी लक्ष घालायले सांगितलं, महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाले मजकूर काढायची नोटीस धाडली, लिहिणाऱ्यांवर गुन्हाही नोंदला."

"बरं केलं!"

"राग मलेही आला होता काकू. पण नोटिशीनं फार तर एक वाक्य जाते. त्याच्याखाली कोणतं पुस्तक दिलं, ते भरवशाचं आहे का, बाकीचे इतिहासकार काय म्हणतात, हे तर बसूनच पाहावं लागते. आपला माणूस तिथं पुस्तक घेऊन बसला नाही, तर दुसराच लिहून जाते. मराठी विकिपीडियावर अशा बोलण्याले चावडीच आहे."

"आन् आपल्या पोट्ट्याच्या लेखाचं काय झालं?"

"दंतकथा म्हणून राहिली गोष्ट. सन गेला."

"बायकोच्या नावाचं खातं! थांब, हे पहिले तिच्या मायले फोन करून सांगते."

"काकू, माझं नाव नका घेऊ बरं!"

"काहून नको? आताच म्हणाली ना वं, ज्याचं म्हणणं त्याच्या नावानं!"